तीन नंबरच्या फाटकावरची रांग

मित्रांनो, पोलीस ठाण्याच्या मागच्या अंगणात मोडक्या स्कूटरी आणि गंजलेल्या सायकली पडलेल्या असतात. त्यांच्यामध्ये भिंतीला टेकवून ठेवलेले जुने लोखंडी बॅरिकेड म्हणजे मी. माझ्या वरच्या नळीला सुतळीने पुठ्ठ्याचा एक तुकडा बांधला आहे. त्यावर खटल्याचा नंबर आणि लाल शिक्का आहे. इथे मला मुद्देमाल म्हणतात.

तुम्ही मला ओळखता. जिथे माणसे जास्त आणि वाट अरुंद, तिथे मी असतेच. तुम्ही माझ्यावर कोपरे टेकता, रिकामी पाकिटे माझ्या गजांत खोचता, लहान मुले शिडी समजून माझ्यावर चढतात. पण माझ्याकडे निरखून बघायला कुणाला सवड नसते. माझ्याकडे निरखून बघणारी दोनच माणसे मला भेटली. त्यांतली एक आज नाही. तिच्यासाठीच मी बोलायला बसले आहे.

माझा जन्म पत्र्याच्या एका शेडमध्ये झाला. नळ्या कापल्या, वाकवल्या, मध्ये तेरा गज बसवले आणि खाली दोन चपटे पाय जोडले. वेल्डरच्या ठिणग्या अंगावर घेत मी आकाराला आले. माझ्या एका अंगाला अडकवायचे दोन आकडे होते, दुसऱ्या अंगाला दोन कड्या. माझे आकडे शेजाऱ्याच्या कड्यांत आणि माझ्या कड्यांत पलीकडच्याचे आकडे, अशी आमची साखळी व्हायची. एकट्या बॅरिकेडला काही अर्थ नसतो, शाळकरी पोरगेसुद्धा त्याला ढकलून देईल. पण एकमेकांत गुंतून उभे राहिलो की हजार माणसांचा भार आम्ही पेलत असू. माझ्यावर पांढऱ्या रंगात आकडा उमटवला गेला, सत्तेचाळीस.

स्टेडियमवर आम्हाला सांभाळायला एक मुकादम होता. तोंडाने फटकळ, पण कामाला चोख. प्रत्येक सामन्याच्या आदल्या दिवशी तो हातोडी घेऊन आमच्या रांगेतून फिरायचा आणि प्रत्येकाच्या सांध्यावर एकेक टोला द्यायचा. आवाज खणखणीत आला तर पुढे जायचा, बद्द आला तर त्या बॅरिकेडला सरळ बाजूला काढायचा. "तुला मारतोय म्हणून रागावू नकोस," असे एकदा तो मला म्हणाला होता. ऐकणाऱ्यांना वाटले, म्हाताऱ्याचे डोके फिरले. पण मला बरे वाटले. एका अंतिम सामन्याला लोक वेडे होऊन पुढे धावले, तेव्हा आमची रांग वाकली पण तुटली नाही. गर्दी ओसरल्यावर मुकादमाने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "शाब्बास रे बाबांनो!" एवढे कौतुक मला सात वर्षे पुरले.

मग मुकादम निवृत्त झाला. स्टेडियमचे सगळे काम एका कंत्राटदाराकडे गेले. आम्हाला ट्रकमधून उतरवायचे ते नुसते फेकून. अशाच एका फेकाफेकीत माझा खालचा आकडा तुटला आणि वरचा असा वाकला की कडीत बसेना. पायाजवळच्या सांध्याला बारीक चीर गेली. कुणी हातोडी मारली असती, तर मी बद्द वाजले असते. पण हातोडी कुणाकडे नव्हती, ब्रश मात्र होते. दरवर्षी माझ्यावर पिवळ्या रंगाचा एक हात चढायचा. बाहेरून मी नवेकोरे दिसत होते, मित्रांनो. आतून मी खिळखिळे झाले होते.

आता त्या दिवसाचे सांगते.

एका मोठ्या गायिकेचा कार्यक्रम होता. मैदानात खुर्च्या नव्हत्या, सगळ्यांनी उभे राहून ऐकायचे होते. जो आधी आत जाईल त्याला स्टेजसमोरची जागा, उशिरा येईल त्याने पुढच्यांच्या माना बघायच्या. मला तीन नंबरच्या फाटकाशी उभे केले होते. हे फाटक खोलगट जागेत आहे. रस्त्यावरून एक चिंचोळी वाट उतरत येते. तिच्या एका बाजूला स्टेडियमची भिंत, दुसऱ्या बाजूला आम्ही, आणि तळाशी फाटक. आमच्या पलीकडे सिमेंटच्या पाच पायऱ्या खाली उतरतात. फाटकाला लागून सगळ्यात शेवटी मी होते. माझा आकडा बसेना म्हणून मला शेजाऱ्याशी प्लास्टिकच्या एका पट्टीने बांधले होते. वायरी बांधायला वापरतात ना, तशी पट्टी.

उजाडायच्या आधी, साडेचारच्या सुमाराला पहिला माणूस आला. तो गाण्याचा शौकीन मुळीच नव्हता. तेहेतीस वर्षे बस चालवून घरी बसलेला तो ड्रायव्हर होता. गळ्याला मफलर, हातात थर्मास, काखेत घडीचे स्टूल. त्याची मुलगी इस्पितळात नर्स होती. तिची रात्रपाळी होती, म्हणून ती येईपर्यंत जागा धरायला बाप आला होता. स्टूल मांडून तो माझ्याच गजांना पाठ लावून बसला.

दहा मिनिटांत एक बुटकीशी बाई झपाझप उतरत आली. तिशीची असेल. चष्म्याला दोरी, गळ्यात पेन, छातीशी जाडजूड वही. औषधांच्या दुकानात ती काउंटरवर काम करायची. ड्रायव्हरला पाहून तिचा चेहरा जरा पडला, कारण आजवर पहिली तीच असायची.

"काका, तुम्ही कधी आलात?"

"झाली दहा मिनिटं."

"मग पहिला नंबर तुमचा. हात पुढे करा."

तिने त्याच्या मनगटावर पेनाने एकचा आकडा काढला, स्वतःच्या मनगटावर दोनचा. मग वहीत नाव लिहिले आणि घरचा फोन विचारला.

"फोन कशाला?" ड्रायव्हर म्हणाला.

"उन्हात कुणाला भोवळ आली, तर कळवायचं कुणाला? दोनशे अनोळखी माणसं असतात इथे."

रांगेतले जुने लोक तिला वहीताई म्हणायचे. तिचे खरे नाव त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक होते. ही वही तिने का सुरू केली तेही तिने ड्रायव्हरला सांगितले. काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमाला ती नऊ तास पहिल्या पाचात उभी होती. फाटक उघडायच्या वेळी मागून आलेल्या धटिंगणांनी तिला खांद्याने बाजूला केले आणि ती आत गेली तेव्हा पुढच्या चाळीस ओळी भरल्या होत्या. "पहाटे आलेल्याला पहाटेचा मान मिळावा, एवढंच माझं म्हणणं," ती म्हणाली. "मागे उभं राहिलं की मला नुसत्या पाठी दिसतात. त्या मी रोज बसमध्ये बघतेच."

"म्हणजे दोष माझ्याकडेच आला की!" ड्रायव्हर म्हणाला. मग जरा वेळाने त्याने विचारले, "पण ही बाई गाते तरी बरी का?"

"ती गाते आणि आम्ही रडतो, काका."

"त्यासाठी एवढ्या लांब? रडायला घर काय वाईट होतं?"

वहीताई अशी खळखळून हसली की तिला चष्मा काढून पुसावा लागला. ड्रायव्हरने थर्मासच्या झाकणात तिला चहा दिला.

उजाडले तशी रांग वाढत गेली. दहा वाजेपर्यंत मनगटावरचे आकडे दोनशेच्या पुढे गेले. घामाने पुसलेले आकडे वहीताई पुन्हा गिरवून द्यायची. कुणाला आडोशाला जायचे असेल तर वहीतल्या कागदाची चिठ्ठी फाडून द्यायची, परत आल्यावर ती दाखवली की जागा पक्की. एकाने मित्राची जागा धरली आहे असे सांगून सहा जण घुसवायचा प्रयत्न केला. तिने त्याला हात जोडले, पण हलू दिले नाही. लोक तिची चेष्टा करत होते, पण तिचे ऐकतही होते. फाटकावरचा गार्ड, ढगळ गणवेशातला किडकिडीत माणूस, तिला म्हणाला, "ताई, तुम्ही आहात म्हणून आम्ही निवांत आहोत."

दुपारी ऊन चढले. वहीताई क्षणभर टेकायला म्हणून माझ्याकडे आली आणि मी तिच्या भाराने हलले. ती चपापून सरळ उभी राहिली. मग तिने मला पुन्हा हलवले. खाली वाकून तिने तुटलेला आकडा पाहिला, वाकडा आकडा पाहिला, प्लास्टिकची पट्टी बोटाने ओढून पाहिली. पायाशी रंगाचे पापुद्रे उडाले होते. तिथे तिने नखाने खरवडले आणि चीर तिच्या नजरेला पडली. मुकादमानंतर माझ्याकडे असे बघणारी ती पहिलीच.

"दादा, हे हलतंय," ती गार्डला म्हणाली.

गार्डने पाहिले आणि साहेबांना फोन लावला. साहेब म्हणजे कंत्राटदाराचा सुपरवायझर. तो घाईघाईत आला. त्याच्या कानाला दुसरा फोन होताच. त्याने मला एका हाताने गदगदा हलवले.

"काही पडत नाही. अजून एक पट्टी मारा."

"साहेब, इथे उतार आहे," वहीताई म्हणाली. "मागून रेटा आला तर सगळा भार इथेच येणार. आणि पलीकडे पायऱ्या आहेत. दुसरं बॅरिकेड नाही का?"

"ताई, तुम्ही गाणं ऐकायला आलात ना? मग गाणं ऐका."

तो निघून गेला. गार्डने खिशातून दुसरी पट्टी काढून बांधली. त्याने तिच्या नजरेला नजर दिली नाही. मग वहीताईने वही उघडली आणि लिहिले : 'दुपारी १२.४०. बॅरिकेड क्र. ४७ हलतंय. सुपरवायझरना सांगितलं. पट्टी बांधली.' तेवढ्यावर तिचे समाधान झाले नाही. रांगेतल्या पहिल्या वीस जणांना तिने बजावले, "इथे टेकू नका, भिंतीच्या बाजूने राहा." तिच्या हातात होते ते सगळे तिने केले, मित्रांनो.

एकच्या सुमाराला ड्रायव्हरची मुलगी आली. डोळे तांबारलेले, केस कसेतरी बांधलेले. चारच तास झोप झाली होती. मनगटावरचा एक नंबर तिच्या हातावर उतरवून देऊन बाप मोकळा झाला.

"बाबा, लगेच जाऊ नका. फाटक उघडलं की माझी पिशवी घेऊन जा. आत नेऊ देत नाहीत."

म्हणून तो वाटेबाहेर, माझ्या पलीकडे, वरच्या पायरीवर उभा राहिला. आता मुलगी आणि वहीताई शेजारी शेजारी होत्या आणि काही वेळातच वर्गमैत्रिणींसारख्या बोलू लागल्या होत्या. कुठले गाणे आधी होईल, कुठले शेवटी, यावर त्यांची पैज लागली.

फाटक तीनला उघडायचे होते. साडेतीन झाले, चार झाले, कुणी काही सांगेना. पाणी संपले होते. वरच्या रस्त्यावर हजारो माणसे जमली होती. त्यांच्या हातावर आकडे नव्हते, वही कुठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. सव्वाचारला आत स्टेजवर वाद्ये तपासायला सुरुवात झाली. ढोलावर टिपरू पडले आणि पाठोपाठ त्या गायिकेचा आवाज आला. ती गळा मोकळा करायला दोन ओळी म्हणत होती, इतकेच. पण वर उभ्या असलेल्यांना वाटले, कार्यक्रम सुरू झाला आणि आपण बाहेर राहिलो. नेमके त्याच क्षणी खाली फाटकाचे एकच दार, एकच, उघडले.

मी रेटा पुष्कळ सोसला आहे. पण तो रेटा कुणा माणसाचा नव्हता. त्यात हात नव्हते, खांदे नव्हते, तो नुसता भार होता आणि तो उतारावरून येत होता. पुढची माणसे एका दारातून मावेनात. बाजूला सरकायला जागा नाही, म्हणून सगळा भार माझ्यावर आला. वहीताईने दोन्ही हात वर करून ओरडून सांगितले, "मागे व्हा! मागे व्हा, बॅरिकेड पडेल!" तिच्यामागच्या दहा जणांनी ते ऐकले, त्यांनीही ओरडून सांगितले. अकराव्यापर्यंत आवाज पोचलाच नाही.

पलीकडून ड्रायव्हरने मला खांदा दिला. गाडी बंद पडली की उतरून ढकलणारा माणूस तो. त्याने दोन्ही पाय पायरीला रोवले आणि मला सावरून धरले. किती वेळ धरले? दहा श्वासांइतका असेल. त्या अवधीत त्याने एका हाताने मुलीचा दंड पकडला आणि तिला माझ्यावरून ओढून आपल्याकडे घेतले. मग त्याने दुसरा हात वहीताईकडे केला. तिनेही हात पुढे केला होता, तिच्या मनगटावरचा दोनचा आकडा मला अजून दिसतो. तेवढ्यात पहिली पट्टी तुटली. मग दुसरी. मग माझा पाय त्या चिरेपाशी मोडला.

मी पायऱ्यांवर पडले आणि माझ्यावर माणसे पडली. सगळ्यांत खाली ती होती.

त्यानंतरचा आवाज मी सांगणार नाही. तो लहान मुलांना सांगण्यासारखा नाही, आणि खरे तर मोठ्यांनाही नाही. गार्ड रडत रडत शिट्टी फुंकत होता. वरच्या लोकांना कळून ते मागे हटेपर्यंत सहा मिनिटे गेली. मग एकेकाला उचलले. एकोणीस जण जायबंदी झाले होते. ड्रायव्हरचा हात माझ्या नळीखाली चिरडला होता. मुलगी खरचटून निघाली होती, पण उभी होती.

तिने आधी बापाकडे पाहिले. तो म्हणाला, "मला काही झालं नाही. तिला बघ."

वहीताईचा श्वास थांबला होता. नर्सने तिला सिमेंटवर उताणे केले, चष्मा बाजूला ठेवला आणि छातीवर दोन्ही तळहात दाबायला सुरुवात केली. ती मोठ्याने मोजत होती. तीस झाले की दोन श्वास, पुन्हा तीस. आत ढोल चालूच होता, कारण आत कुणाला काही कळले नव्हते. पंधरा मिनिटे गेली. रुग्णवाहिका वरच्या रस्त्यावर गर्दीत अडकली होती आणि स्ट्रेचर खाली येईना.

"काहीतरी आणा तिला न्यायला!" नर्स ओरडली.

गार्डने इकडे तिकडे पाहिले आणि मला उचलले. माझ्या गजांवर कुणी चादर टाकली, कुणी जॅकेट टाकले आणि तिला माझ्यावर झोपवले. सहा जणांनी मला खांद्यापर्यंत उचलून तो उतार चढवला. नर्स शेजारून धावत होती आणि दर काही पावलांवर मला खाली टेकवायला लावून छाती दाबत होती. मित्रांनो, ज्याच्या मोडण्याने ती गेली, त्याच्याच पाठीवरून ती वर आली. तिचे वजन किती कमी होते! तसले भार मी आयुष्यभर पेलले होते. हाच एक मला नीट पेलता आला नाही.

रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांनी तिची नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि नर्सचे हात हळूच बाजूला केले. नर्स तरीही मोजत होती.

वही पायऱ्यांवर सापडली. बेशुद्ध पडलेल्यांची नावे कुणालाच माहीत नव्हती. मनगटावरचे आकडे मात्र होते, आणि वहीत आकड्यापुढे घरचा फोन होता. एक हवालदार पायरीवर बसून ओळीने फोन लावू लागला. दोन नंबर कुणाचा, हे त्याला ठाऊक नव्हते. एका म्हाताऱ्या बाईने फोन घेतला.

"तुमच्या घरचं कुणी कार्यक्रमाला आलंय का?" त्याने विचारले.

"हो, माझी मुलगी. का हो, काही गडबड झाली का? तिची काळजी नाही, ती नेहमी सगळ्यांच्या पुढे असते."

हवालदाराने फोन कानाला तसाच धरून ठेवला.

संध्याकाळी कार्यक्रम झाला. रद्द केला तर लोक खवळतील, असे ठरले म्हणे. स्टेजसमोरच्या पहिल्या ओळीत उशिरा आलेली माणसे उभी होती.

त्या दिवसापासून मी इथे आहे. सुपरवायझरने जबाब दिला, की बॅरिकेड जुने होते आणि ते हलते असे कुणीही सांगितले नव्हते. वहीतले ते पान समोर ठेवल्यावर तो खाली बसला. गार्डनेही खरे सांगितले, त्यापायी त्याची नोकरी गेली. कंत्राटदाराचा वकील अजून तारखा घेतो आहे. दर तारखेला ड्रायव्हर येतो. त्याच्या उजव्या हाताची मूठ आता मिटत नाही. एकदा तो अंगणात येऊन माझ्यासमोर उभा राहिला. मला वाटले, हा मला लाथ मारेल. त्याने मारली नाही. तो नुसता म्हणाला, "अजून जरा धरायला हवं होतं." हे तो मला म्हणाला की स्वतःला, ते मला कळले नाही. मुलगी त्याला हाताला धरून घेऊन गेली. ती गाणे ऐकत नाही आता. घरात कुणी रेडिओ लावला तर उठून दुसऱ्या खोलीत जाते, असे तो हवालदाराला सांगत होता.

मित्रांनो, वयाचे मला काही वाटत नाही. लोखंड जुने होतेच. पण जुने झालेल्याला सांभाळायचे असते किंवा वेळेवर रजा द्यायची असते. रंग फासून पुन्हा कामाला जुंपायचे नसते. आणि गर्दीत कुणी एखादी बुटकी बाई हात वर करून काही सांगत असेल, तर तिचे शब्द तुमच्यापाशी थांबवू नका. मागच्याला सांगा, त्याला त्याच्या मागच्याला सांगायला लावा.

खटला संपला की मला भंगारात काढतील. मग मी भट्टीत जाईन, वितळेन, माझे दुसरे काहीतरी होईल. खिडकीचे गज करा, पाळण्याच्या कड्या करा, मी आनंदाने होईन. पण पुन्हा बॅरिकेड केलेत, तर माझी एवढी विनंती ऐका. माणसे यायच्या आधी, वाट रिकामी असताना, मला एकदा अंगातले सगळे बळ लावून ढकला. मी पडणारच असेन, तर तेव्हाच पडू द्या.